लस दिली की बाळ तापतं, मग पुढचे डोस का द्यायचे?

समुपदेशन कक्षात ही तक्रार वरचेवर येते. बाळाला सुई दिली, रात्रभर अंग तापलं, मांडी सुजली, म्हणून घरच्यांनी पुढचे डोस थांबवले. अशा आईला कुणी अडाणी म्हटलं की मला राग येतो. ती रात्र तिनं रडतं लेकरू खांद्यावर घेऊन काढलेली असते.

त्यातलीच एक आई सासूबाईंसोबत आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). बाळ दहा महिन्यांचं. कार्डावर जन्मावेळच्या बीसीजी, पोलिओ, कावीळ ब यांच्या नोंदी, दीड महिन्याचा पेंटा लसीचा पहिला डोस, आणि त्याखाली सगळे रकाने कोरे. आशाताई बोलवायला गेल्या की बाळ मामाकडे गेलंय असं उत्तर मिळायचं.

मी आधी त्या रात्रीबद्दल विचारलं. ताप मोजला होता का? औषध काय दिलं? "काहीच नाही दिलं, मॅडम. सुईनं काहीतरी वाईट झालं असंच वाटलं." लसीनंतर ताप येऊ शकतो हे तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. खरी गोम इथे होती.

पेंटा म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू). त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागात मारलेले अख्खे जंतू असतात. ते आजार करू शकत नाहीत, पण शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतं, प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयार करायला लागतं, आणि त्यात अंग तापतं. पुढे कधी खरा जंतू शिरला, तर हीच ओळख लक्षात ठेवलेल्या पेशी झटपट कामाला लागतात. ताप बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतो. नर्सताई सांगतील तेवढंच पॅरासिटामॉल द्यायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं, सुजेवर थंड पाण्याची घडी ठेवायची, चोळायचं मात्र नाही. ताप उतरेना, झटका आला, बाळ तासन्‌तास रडत राहिलं किंवा मलूल पडलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. आणि ताप आला नाही तर लस वाया गेली, असंही नसतं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "आमच्या गल्लीत गोवर कुणाला झालाय? धडधाकट पोराला उगाच कशाला टोचायचं?" बोलताना त्यांच्या दंडावरचा गोल, खोलगट वण दिसत होता. विचारल्यावर म्हणाल्या, "देवी टोचलेली, लहानपणी."

मग मी त्या वणाबद्दलच बोलले. भारतात देवीचे शेवटचे रुग्ण १९७५ मध्ये सापडले. १९८० मध्ये तो आजार जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. म्हणूनच त्यांच्या सुनेला देवी टोचावी लागली नाही. गोवर अजून गेलेला नाही. २०२२ मध्ये मुंबईत, गोवंडीसारख्या वस्त्यांत, त्याचा उद्रेक झाला आणि लेकरं दगावली. लस न घेतलेल्या लोकांत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. तो रोखायचा तर १०० पैकी ९५ मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. पहिला डोस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीला नीट काम करू देत नाहीत. तोवर तान्ह्या बाळाचं रक्षण आजूबाजूच्या मुलांच्या लसींवर बरंचसं अवलंबून असतं. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. त्यांच्या शेजारच्या घरात चार महिन्यांची मुलगी होती.

"आता सगळं पहिल्यापासून करायचं का?" आईनं विचारलं. नाही. दिलेला डोस धरला जातो, राहिलेले पुढे किमान चार आठवड्यांच्या अंतरानं देतात. त्याच दिवशी पेंटाचा दुसरा डोस मांडीत आणि गोवर-रुबेलाचा पहिला दंडात दिला, सोबत 'अ' जीवनसत्त्वाचा डोस. नंतर अर्धा तास त्यांना केंद्रातच बसवलं.

रात्री ताप आलाच. या वेळी त्यांनी तो मोजला, औषध दिलं आणि सकाळी आशाताईंना फोन केला. तिसऱ्या डोसला सासूबाई जावेच्या नातवालाही कार्डासकट घेऊन आल्या. त्याचा दीड वर्षाचा बूस्टर राहिला होता, तोही त्याच दिवशी झाला.