संगीतकार बीथोवनला टॅरो या भविष्य सांगणाऱ्या पत्त्यांमधलं कोणतं कार्ड शोभेल? आणि फ्रान्झ लिस्टला, बाखला?

बीथोवनसाठी पटकन सुचतो तो वीज कोसळणारा 'टॉवर'. मी मात्र 'हर्मिट' (एकांतवासी साधू) देईन. ऐकू येणं कमी होत चाललं होतं तेव्हा, १८०२ मध्ये, त्याने व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाटहून भावांना उद्देशून पत्र लिहिलं: हद्दपार माणसासारखं जगावं लागतंय, केवळ कलेने मला धरून ठेवलंय. ते पत्र त्याने कधी पाठवलंच नाही. मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडलं. रायडर-वेट या प्रसिद्ध टॅरो-संचातल्या 'हर्मिट' कार्डावरचा म्हाताराही शिखरावर असाच एकटा उभा आहे, पण हातातला कंदील पेटलेला.

पियानोवादक लिस्ट 'मॅजिशियन' (जादूगार), यात वादच नको. हातांची करामत लोकांना दिसेल असा पियानो मांडून तो एकटा अख्खी मैफल गाजवायचा. बाख 'हायरोफंट' (धर्मगुरू): लाइपझिगच्या चर्चमध्ये २७ वर्षं सेवा. फ्रेंच संगीतकार डेब्यूसीला 'मून' (चंद्र) देताना नुसत्या 'क्लेअर द ल्यून' ('चांदणं') या पियानोरचनेवर जाऊ नका, त्याची वाद्यवृंदासाठीची 'नॉक्टर्न्स' ऐका.