क्षाराबरोबर पाणीही सरकतं

प्रश्न : चिवडा पॅकिंगच्या खोलीतला दमटपणा आम्ही ४० टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाने शोषून घेतो. पावसाळ्यात ते लवकर पातळ होतं. छतावर सोलर पॅनेल आहेत. तापवण्याऐवजी इलेक्ट्रोडायलिसिसने (विजेच्या जोरावर पातळ पडद्यांतून क्षार ओढून नेण्याची पद्धत) ते पुन्हा घट्ट करता येईल का?
– एक वाचक, मकरपुरा, बडोदा

उत्तर : पॅनेलची डीसी वीज इथे थेट चालते, हे खरं. पण स्टॅक (अशा पडद्यांचा, म्हणजे मेंब्रेनचा, थरावर थर रचलेला संच) विकत घेण्याआधी एक हिशेब करा. तापवलं की पाणी उडून जातं. इलेक्ट्रोडायलिसिसमध्ये पाणी उडत नाही, क्षार मेंब्रेनपलीकडे जातो. एका टाकीतलं द्रावण घट्ट होतं, दुसरीतलं पातळ. शिवाय क्षाराचा प्रत्येक आयन (विद्युतभारित कण) जाताना पाणीही ओढून नेतो. घोडं अडतं ते इथेच.

४० टक्के द्रावणात ५५.५ ग्रॅम क्षारामागे ८३ ग्रॅम पाणी असतं. एवढा क्षार एका सेल-जोडीतून (स्टॅकमधल्या दोन मेंब्रेनच्या एका जोडीतून) न्यायला किमान २६.८ अँपिअर-तास लागतात. त्यासोबत ८३ ग्रॅमहून जास्त पाणी गेलं, तर कितीही वीज घाला, द्रावण ४० टक्क्यांवर चढणार नाही. त्यात इतक्या घट्ट द्रावणात कोणता आयन जाऊ द्यायचा ही मेंब्रेनची निवडही ढिली पडते, आणि ऑस्मोसिसने, म्हणजे वीज नसतानाही आपोआप, पातळ बाजूचं पाणी घट्ट बाजूकडे येतं ते वेगळंच.

म्हणून आधी दहा जोड्यांच्या छोट्या स्टॅकवर चाचणी घ्या. दोन्ही टाक्यांत ३८ टक्क्यांचं तेच द्रावण भरा, म्हणजे सुरुवातीला ऑस्मोसिस नसेल. काही तास करंट द्या. मग घट्ट बाजूची टाकी वजन करा आणि द्रावण २० अंशांवर आणून हायड्रोमीटर (घनता दाखवणारी तरंगती नळी) सोडा. ४० टक्क्यांना घनता साधारण १.४० दिसते. वजन वाढलं पण हायड्रोमीटर जागचा हलला नाही, तर क्षाराच्या जोडीने पाणीही आलं असं समजा.

स्टॅकच्या दोन टोकांना वीज देणाऱ्या इलेक्ट्रोडच्या कप्प्यात नेहमीचं सोडियम सल्फेट अजिबात घालू नका. झिरपलेल्या कॅल्शियमशी त्याचं जिप्सम होतं आणि पांढरा कडक थर बसतो. सोडियम नायट्रेट वापरा. कॅथोडवर (ऋण टोकावर) हायड्रोजन आणि झिरपलेल्या क्लोराइडमुळे अ‍ॅनोडवर (धन टोकावर) क्लोरीन निघतो, तेव्हा दोन्हींच्या नळ्या वेगवेगळ्या बाहेर काढा. पंप प्लास्टिकचा घ्या, स्टेनलेसला खड्डे पडतात. तळणीच्या तेलाचे कण मेंब्रेनवर चिकटतात, त्यामुळे हवा द्रावणाला लागण्याआधीच तेल गाळा. ढग आले की करंट थांबतो, पण क्षार मागे झिरपत राहतो. अशा वेळी स्टॅक रिकामा करणारा व्हॉल्व्ह हवाच.

४० टक्क्यांसाठी आमचा कौल तापवण्यालाच. तुमच्याकडे तळणीची भट्टी आहे. तिच्या धुरांड्यातल्या उष्णतेवर द्रावण ६०-७० अंशांपर्यंत तापवून त्यातून बाहेरची हवा सोडा. इलेक्ट्रोडायलिसिस ५-१० टक्के क्षाराच्या धुवणाच्या पाण्यासाठी राखून ठेवा.