वाचकांचे प्रश्न : तात्याना मॅकफॅडन आणि तीन चाकांची शर्यत

प्रश्न : व्हीलचेअर शर्यतींविषयी वाचताना तात्याना मॅकफॅडन हे नाव वारंवार आढळते. या खेळाडूचा जीवनप्रवास सांगाल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तात्यानाचा जन्म २१ एप्रिल १९८९ रोजी लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. तिला जन्मतःच स्पायना बायफिडा हा विकार होता. या विकारात गर्भाचा पाठीचा कणा पूर्णपणे मिटत नाही आणि मज्जारज्जूचा काही भाग उघडा राहू शकतो. अशा बाळावर जन्मानंतर लगेचच शस्त्रक्रिया व्हावी लागते. तात्यानावर ती तीन आठवड्यांनी झाली. तिचे कमरेखालचे शरीर लुळे राहिले आणि आईने तिला अनाथालयात ठेवले. तिथे व्हीलचेअर घेण्याइतका पैसा नव्हता. त्यामुळे इतर मुलांच्या मागे जायचे, तर ही मुलगी दोन्ही तळहात जमिनीवर टेकून, शरीर उचलून, हातांवर चालत असे. कोणी मदतीला पुढे झाले, की ती रशियन भाषेत ‘या सामा’ म्हणे. म्हणजे ‘माझे मी करीन’.

१९९४ मध्ये डेबोरा मॅकफॅडन कामानिमित्त त्या अनाथालयात गेल्या. त्या अमेरिकेच्या सरकारात दिव्यांगांविषयीच्या आयुक्तपदावर राहिलेल्या होत्या, आणि तरुणपणी एका आजारामुळे त्यांनी स्वतः काही वर्षे व्हीलचेअर वापरली होती. त्यांनी तात्यानाला दत्तक घेतले आणि मेरीलँडमधील आपल्या घरी आणले. तेव्हा ती सहा वर्षांची होती, अंगात रक्त कमी होते, वजनही कमी होते. तब्येत सुधारावी म्हणून बाल्टिमोरच्या दिव्यांग मुलांच्या क्रीडा पथकात तिचे नाव घातले गेले. तिथे तिने पोहणे, बास्केटबॉल असे बरेच काही करून पाहिले, पण मन रमले ते शर्यतीच्या खुर्चीत. ज्या खांद्यांनी सहा वर्षे पायांचे काम केले होते, त्यांना हा खेळ मानवला यात मला नवल वाटत नाही. मात्र ते बळ नाइलाजातून आलेले होते, हे विसरू नये.

२००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने १०० मीटरमध्ये रौप्य आणि २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. पुढे इलिनॉय विद्यापीठात शिकत असताना ती अ‍ॅडम ब्लेकनी यांच्याकडे सराव करू लागली आणि २०१२ च्या लंडन स्पर्धेत तिने ४००, ८०० व १५०० मीटर अशी तीन सुवर्णपदके जिंकली. तिथे १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत तिच्या शेजारी हॅनाही होती. हॅना म्हणजे अल्बानियातून दत्तक घेतलेली तिची धाकटी बहीण.

२०१३ हे वर्ष मात्र सावकाश सांगण्यासारखे आहे. १५ एप्रिलला तिने बोस्टन मॅरेथॉन जिंकली आणि त्याच दुपारी अंतिम रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले. सहा दिवसांनी, आपल्या चोविसाव्या वाढदिवशी, ती लंडन मॅरेथॉनच्या प्रारंभरेषेवर उभी होती, आणि तीही तिने जिंकली. जुलैमध्ये फ्रान्समधील लिओंच्या जागतिक स्पर्धेत १०० पासून ५००० मीटरपर्यंतच्या सहाही शर्यतींत तिला सुवर्णपदक मिळाले. धावपटूंच्या जगात शंभर मीटर आणि पाच हजार मीटर एकाच व्यक्तीने जिंकणे कल्पनेतही बसत नाही. तिने हे केले आणि वर शिकागो व न्यूयॉर्क या मॅरेथॉनही जिंकल्या. एका वर्षात चार प्रमुख मॅरेथॉन जिंकणारी ती पहिली व्यक्ती ठरली, आणि या वाक्याला ‘दिव्यांगांमध्ये’ अशी पुस्ती जोडण्याची गरज नाही, कारण तोवर पायांनी धावणाऱ्या कोणालाही ते जमले नव्हते.

२०१४ मध्ये रशियातील सोची येथे, बसून करायच्या स्कीइंगमध्ये, तिने एक किलोमीटरच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. तेव्हा प्रेक्षकांत तिला वाढवणारी आई होती आणि जन्म देणारीही. रिओत २०१६ मध्ये चार सुवर्णपदके आली. पुढच्याच वर्षी रक्ताच्या गुठळ्यांच्या गंभीर आजाराने तिला गाठले. त्यातून ती परतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १०० मीटरमध्ये पुन्हा रौप्यपदकाची मानकरी ठरली.

प्रश्न : ही खुर्ची चालते कशी? आणि व्हीलचेअरवरचे खेळाडू धावपटूंपेक्षा वेगवान असतात, हे खरे का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : शर्यतीच्या खुर्चीला तीन चाके असतात : पुढे लांब दांड्याच्या टोकाला एक लहान, आणि मागे दोन मोठी, जी वरच्या बाजूला एकमेकांकडे कललेली असतात. या कलण्यामुळे खुर्ची वळणावर स्थिर राहते आणि हात चाकांपर्यंत सहज पोहोचतात. खेळाडू चाक मुठीत धरत नाही. चाकाला जोडलेल्या लहान कड्यावर तो कडक हातमोज्याने वरून खाली ठोसा मारतो. ट्रॅकवर वळण आले, की हाताच्या एका फटक्याने पुढचे चाक आधी ठरवलेल्या कोनात वळते आणि दुसऱ्या फटक्याने पुन्हा सरळ होते.

वेगाचे उत्तर अंतरावर अवलंबून आहे. थांबलेल्या खुर्चीला गती द्यायला वेळ लागतो, म्हणून फिनलंडच्या लिओ-पेक्का टाहटीने २०१२ मध्ये १०० मीटर अंतर १३.६३ सेकंदांत कापले, तर उसेन बोल्टचा विक्रम ९.५८ सेकंदांचा आहे. एकदा गती आली, की चाक ती टिकवून धरते, म्हणून लांब अंतरावर खुर्ची धावपटूला मागे टाकते. स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगने २०२१ मध्ये जपानमधील ओइता येथे पूर्ण मॅरेथॉन १ तास १७ मिनिटे ४७ सेकंदांत संपवली.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीलाही स्पायना बायफिडा आहे. शाळेच्या क्रीडादिनी तिला गुण लिहायला बसवतात. तिला मैदानावर यायचे आहे. मी आग्रह धरावा का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, अवश्य धरावा. अथेन्सहून दोन पदके घेऊन आलेल्या तात्यानालाही माध्यमिक शाळेत इतर मुलींबरोबर शर्यतीत उतरू देत नव्हते. रिकाम्या ट्रॅकवर एकटीने फेऱ्या मारायला सांगत. तिने आणि तिच्या आईने न्यायालयात दाद मागितली, नुकसानभरपाई म्हणून एक पैसाही मागितला नाही, आणि २००६ मध्ये न्यायाधीशांनी तिला त्याच वेळी, त्याच ट्रॅकवर उतरू देण्याचा आदेश दिला. २००८ मध्ये मेरीलँडने दिव्यांग विद्यार्थ्यांच्या खेळाच्या हक्काचा कायदा केला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने देशभरच्या शाळांना तशा मार्गदर्शक सूचना दिल्या. तिच्या सगळ्या पदकांपेक्षा मला हे काम मोठे वाटते, कारण त्यातून अशा मुलांना मैदान मिळाले, जी कधीच पॅरालिंपिकला जाणार नाहीत.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ आहे. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा शासनमान्य शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच खेळाची व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे त्याच्या कलम १६ मध्ये नमूद आहे. त्या कलमाचा उल्लेख करून मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि उत्तर न आल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा.

मुलीला मैदानावर नेण्यापूर्वी डॉक्टरांशी दोन गोष्टी बोलून घ्या. पायांत संवेदना नसेल, तर बसून बसून झालेली जखम तिला कळणार नाही, म्हणून सरावानंतर रोज त्वचा तपासावी लागेल. दुसरे म्हणजे, स्पायना बायफिडा असलेल्या अनेक मुलांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, अ‍ॅलर्जी असते, तेव्हा हातमोजे घेताना ते कशाचे आहेत, हे विचारून घ्या. सुरुवातीला शर्यतीची खुर्ची नसली तरी चालेल. रोजच्या खुर्चीतून, वर्गमैत्रिणींच्या शेजारच्या रांगेत, पन्नास मीटरपासून तिला सुरुवात करू द्या.