इम्प्लांट करा, पण लेकराचे हात धरू नका

तुम्ही विचारलंय, चौदा महिन्यांच्या मुलाचं कॉक्लिअर इम्प्लांट (कानाच्या आत यंत्र बसवून श्रवणाच्या नसेपर्यंत थेट संदेश पोचवणारं ऑपरेशन) करावं की 'बोलेल उशिरा' म्हणणाऱ्या घरच्यांचं ऐकून थांबावं. बेरा, म्हणजे मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघणारी तपासणी, झाली, दोन्ही कानांना ऐकू येत नाही, हिअरिंग एडचाही उपयोग नाही, मग थांबायचं कशासाठी? करा. मेंदू आवाज ओळखायला शिकतो ती पहिली तीन-साडेतीन वर्षं, आणि वाट बघण्यात नेमकी तीच जातात. पैशांची अडचण असेल तर केंद्राची एडिप योजना आहे. तिला वयाची आणि उत्पन्नाची अट आहे, म्हणून चौकशी आजच करा.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. 'थेरपिस्ट म्हणतात, खुणा पूर्ण बंद करा.'

माझ्या मुलीचं ऑपरेशन २०१८ मध्ये, ती अडीच वर्षांची असताना झालं. त्याआधी तिने स्वतःच काही खुणा केल्या होत्या. सारसबागेत जायचं असलं की हाताची सोंड करून हलवायची, तिथल्या गणपतीची. आम्हालाही हेच सांगितलं गेलं, खुणा बंद. सोंड केली की माझी मोठी नणंद तिचा हात धरून खाली दाबायची, 'तोंडाने सांग.' मीही दाबला. वर्षभरात सोंड गेली, शब्द आले.

एप्रिल २०२० मध्ये मशीन, म्हणजे इम्प्लांटचा कानावर लावायचा बाहेरचा भाग, बंद पडलं. आम्ही भवानी पेठेत राहायचो, पेठ सील झालेली, कुरिअर बंद. केबल बदलून पाहिली, मशीन सुकवून पाहिलं, काही होईना. तीन आठवडे पोरीला काहीही ऐकू येत नव्हतं. दारात येणारा प्रत्येक जण मास्क लावलेला, त्यामुळे ओठही दिसेनात. रोज संध्याकाळी ती चपला घालून दाराशी उभी राहायची. बाग बंद आहे हे तिला सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकलो म्हणून नेत नाहीत. सहाव्या दिवशी तिने चप्पल भिंतीवर फेकली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

मग मी तिच्यासमोर बसले आणि सोंड केली. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती बघतच राहिली. मी दोन्ही हात दारासारखे मिटले. तिने पुन्हा सोंड केली, हात मिटले, आणि माझ्या मांडीत येऊन बसली.

मशीन आंघोळीला काढतात, झोपताना काढतात. ते काढलं की मूल बधिरच असतं, आणि तेव्हाही त्याला भाषा लागते. नणंद अजून म्हणते, 'खुणा शिकवल्या नसत्यास तर आणखी स्पष्ट बोलली असती.' मला हे मुळीच पटत नाही. बधिर आईवडिलांची, जन्मापासून खुणांच्या भाषेत वाढलेली मुलं इम्प्लांटनंतर बोलण्यात मागे पडली नाहीत, असं दाखवणारे अभ्यास आहेत. माझी मुलगी वर्गात मोठ्याने धडा वाचते आणि रात्री मशीन काढल्यावर हातांनी गप्पा मारते.

हो, एक राहिलं. श्रवणाची नस आहे ना, हे एमआरआयमध्ये आधी बघून घ्या आणि मेंदूज्वराच्या (मेनिंजायटिसच्या) लसी चुकवू नका. ऑपरेशननंतर मॅपिंग (मशीनचा आवाज मुलाला जुळवून घेणं) आणि थेरपी वर्षानुवर्षं चालते, त्यात ढिलाई केलीत तर मशीन नुसतं कानावर राहील.

तारीख घ्या. तोवर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा ऑनलाइन कोश उघडा आणि आजी-आजोबांसकट सगळे रोज पाच खुणा शिका. सुरुवात 'दूध'पासून करा.