वाचकांचे प्रश्न : विमानाच्या पंखाला कोणतं लाकूड?

प्रश्न : घरी बांधायच्या लाकडी विमानाच्या आराखड्यात स्पारसाठी सिट्का स्प्रूस (उत्तर अमेरिकेतलं हलकं सूचिपर्णी लाकूड) सांगितलंय. त्याऐवजी आलापल्लीचं उत्तम सागवान चालेल का? सागवान तर जास्त मजबूत असतं. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मजबूत आहे, पण वजनाच्या हिशोबात नाही. स्पार म्हणजे पंखाची मुख्य तुळई. तिथे ताकदीइतकाच ताठपणा लागतो. स्प्रूसचा स्थितिस्थापकतेचा गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, १२ टक्के आर्द्रतेला सरासरी १०.८ गिगापास्कल आणि सागाचा १०.७, म्हणजे जवळपास तेवढाच. वजन मात्र स्प्रूसचं घनमीटरला सुमारे ४४० किलो, तर सागाचं ६४०. मोडण्याची ताकद ७०च्या जागी १०० मेगापास्कल मिळते, पण वजनाने भागलं की तोही फायदा उरत नाही. शिवाय सागाच्या अंगच्या तेलामुळे चिकटवलेल्या सांध्याचा भरवसा राहत नाही. दारं-खिडक्यांना साग घ्या. स्पारसाठी पर्याय हवाच असेल तर डग्लस फर घ्या. ते स्प्रूसपेक्षा ताकदीला वरचढ असतं, पण वजनाला सुमारे २० टक्के जास्त, आणि खिळा-स्क्रूच्या भोकाशी चटकन फाटतं.

प्रश्न : इथल्या वखारीत सिट्का स्प्रूसच्या स्वच्छ, बिनगाठीच्या फळ्या मिळतात, पण विमानासाठी असा शिक्का नसतो. आपण स्वतः निवडायच्या तर काय पाहायचं? (एक वाचक, व्हँकूवर)

उत्तर : शिक्का असो-नसो, रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, पाहिल्याशिवाय फळी घेऊ नका. गाठ कुणालाही दिसते. विमानाच्या लाकडात फसवतो तो रेषेचा तिरकेपणा.

आधी फळीचं टोक रंध्याने साफ करून झाडाच्या वाढीची वलयं मोजा. २५ मिमीत किमान सहा हवीत, आणि ती रुंद बाजूला शक्यतो काटकोनात उभी असावीत. मग रुंद बाजूवर वलयांच्या रेषा फळीच्या कडेशी किती तिरक्या जातात ते मोजा. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या ४३.१३-१बी पुस्तिकेनुसार स्प्रूसला मर्यादा १:१५ आहे, म्हणजे दीड मीटर लांबीत १०० मिमी.

बरेच जण इथेच थांबतात. पण झाड पिळलेलं असेल तर तो पीळ रुंद बाजूवर दिसतच नाही, तो अरुंद कडेवर दिसतो. तिथे वलयांच्या पट्ट्यांकडे दुर्लक्ष करा. राळेच्या बारीक तपकिरी नळ्या केसासारख्या दिसतात, तीच तंतूंची खरी दिशा. दिसत नसतील तर रंधलेल्या कडेवर फाउंटन पेनाच्या शाईचा थेंब टाका, तो तंतूंच्या बाजूने पसरतो. १९ मिमी जाडीच्या कडेवर रेषा २८५ मिमीच्या आत या बाजूकडून त्या बाजूला गेली की फळी बाद. शंका राहिलीच तर टोकाचा तुकडा कापून वलयांच्या आरपार, गाभ्याच्या दिशेने पटाशीने फोडा. फुटलेला पृष्ठभाग खोटं बोलत नाही.

दोन्ही बाजूंचे तिरकेपण एकत्र धरायचे असतात. दोन्हीकडे १:२० असेल तर वाटतं पास, पण वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की खरा तिरकेपणा १:१४ येतो, म्हणजे नापास. नुसत्या १:१५ ला मोडण्याची ताकद सरळ रेषेच्या ८९ टक्के उरते, १:१० ला ८१ आणि १:५ ला जेमतेम ५५.

शेवटी अंधाऱ्या खोलीत फळीवर टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड लांबीच्या दिशेने टाका. रेषेला आडव्या जाणाऱ्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर ते दाबाने आधीच मोडलेले तंतू आहेत. झाड वाऱ्याने वाकताना किंवा ओंडक्यावर पडताना ते मोडतात. अशी फळी बाकी कितीही देखणी असली तरी नको.

प्रश्न : ऑगस्टमध्ये स्पार चिकटवला तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : उघड्या शेडमध्ये नाही. हवेत ८५ टक्के आर्द्रता टिकली की लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांवर स्थिरावतो. चिकटवताना ८ ते १२ हवेत. ओलं चिकटवलेलं लाकूड पुढे आडवं आकसतं, त्याला चिकटलेलं प्लायवुड तेवढं आकसत नाही, आणि भेग पडते. दिवाळीनंतर करा, नाहीतर बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्या काही आठवडे रचून ठेवा.

ओलावा मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका. टोकापासून ३०० मिमी आत २५ मिमीचा काप घ्या, लगेच तोला आणि १०३ अंशांवर ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. ३३.६ ग्रॅमचे ३०.० झाले तर ३.६ ला ३०ने भागा : १२ टक्के. ओल्या वजनाने भागलं तर १०.७ येतं. ही चूक नेहमीची.

प्रश्न : प्रयोगशाळेशिवाय ताकद तपासता येते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ढोबळ येते. फळीच्या दोन्ही टोकांकडून २० × २० × ३०० मिमीचे तुकडे काढा. आधी तोला : स्प्रूसचा तुकडा ५४ ग्रॅमच्या आसपास भरतो. ४५च्या खाली असेल तर फळी बाजूला. इतरांपेक्षा फारच जड आणि गडद वलयांचे पट्टे रुंद असतील तर तेही संशयास्पद.

तुकडा २८० मिमी अंतरावरच्या दोन गोल टेकूंवर ठेवा, मध्ये गोलसर ठोकळ्यावरून भार द्या, खाली डायल गेज (मिमीचे शतांश दाखवणारं तबकडीचं मापक) लावा. टेकूंपाशी लाकूड थोडं दबतं म्हणून शून्यापासून मोजू नका. १० किलोवर गेज शून्य करा आणि ५० किलोवर वाचा. सरासरी स्प्रूस १.२५ मिमी वाकतं. दीड मिमीच्या वर गेलं तर ती फळी स्पारला लावू नका.

मग मोडेपर्यंत भार वाढवा, डोळ्यांना चष्मा लावून. सरासरी स्प्रूस १३५ किलोच्या आसपास मोडतं. आकड्याइतकंच मोडणं पाहा. लांब, कुसळं निघालेली फाट चांगली. काकडी मोडावी तसा कट्कन दोन तुकडे झाले तर आकडा बरा आला तरी ते लाकूड ठिसूळ आहे. आणि चाचणी होते ती त्या तुकड्याची. उरलेल्या चार मीटरांतली आडवी सुरकुती त्यात कळत नाही, त्यासाठी टॉर्चच.