चॉपस्टिक्स आधी जेवणासाठी होत्या की स्वयंपाकासाठी? आणि त्यांनी भात कसा खातात?

बहुधा आधी स्वयंपाकासाठी. चीनमध्ये आन्यांगजवळ, शांग राजवटीच्या राजधानीच्या अवशेषांत, ब्राँझच्या काड्या मिळाल्या आहेत. त्या सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या. उकळत्या भांड्यातून मांस काढायला त्या सोयीच्या. जेवणात त्या हान राजवटीच्या काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) रुळल्या, तरी राळ्यासारखं धान्य लोक बराच काळ चमच्यानेच खात.

भाताचं म्हणाल, तर तिकडचा भात बहुतेकदा चिकट. त्याचे गोळे सहज उचलता येतात, शिवाय चीन-जपानमध्ये वाटी तोंडाजवळ धरतात. कोरियात मात्र वाटी टेबलावरच राहते, भाताला चमचा, आणि काड्या धातूच्या.

धरायचं तंत्र सोपं आहे: खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात स्थिर, वरची पेनासारखी धरून फक्त तीच हलवायची.

एक गोष्ट कृपया पाळा. भातात काड्या उभ्या खोचू नका; तसा भात मृतांना वाहतात. जपानमध्ये तर एका काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देणंही टाळतात, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनी उचलतात आणि एकमेकांकडे तशाच देतात.