इटालियन वेस्टर्न, म्हणजे इटलीच्या दिग्दर्शकांनी काढलेले घोडेस्वार-बंदूकबाजांचे चित्रपट, इतके काळेकुट्ट असूनही का आवडतात?

कारण तिथे नायक जिंकेलच याची हमी नसते. जुन्या हॉलिवूड वेस्टर्नमध्ये बहुधा सज्जन कोण, दुर्जन कोण हे लगेच कळायचं आणि शेवटी न्याय व्हायचा. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने १९६४ साली दाढीचे खुंट वाढलेला, वैरी असलेल्या दोन्ही टोळ्यांकडून पैसे उकळणारा नायक आणला आणि ती घडी विस्कटली.

पण माझ्या मते याचं टोक म्हणजे सर्जिओ कोर्बुचीचा १९६८चा 'द ग्रेट सायलेन्स'. वाळवंटाच्या जागी सगळीकडे बर्फच बर्फ. नायक मुका, लहानपणी गळा चिरला गेलेला. समोर इनामासाठी माणसं मारणारा खुनी (अभिनेता क्लाउस किन्स्की), शांत, जवळजवळ सभ्य, आणि कायदा त्याच्याच बाजूने! (पाहायचा असेल तर पुढचं वाचू नका.) शेवटी नायक मरतो, ओलीस ठेवलेले गरीबही मारले जातात आणि खुनी घोड्यांवर बसून निघून जातात. सुखान्त शेवटही चित्रित केला होता, पण चित्रपट ओळखला जातो तो या शेवटामुळेच. त्यावर एन्निओ मॉरिकोनेचं हळवं संगीत. पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.